ओतीव की घडीव? जिप्सीच्या इंजिनावरून पिस्टन निवडण्याचा हिशेब

ऑटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची वेळेची शर्यत) किंवा रॅलीसाठी इंजिन बांधायला घेतलं की ब्लॉक लेथवर पोहोचायच्या आधीच पिस्टनचा संच मागवलेला असतो. ही घाई मला फार खटकते. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) किती करायचा, पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधला गॅप किती ठेवायचा, रिंगचं तोंड किती उघडं ठेवायचं हे पिस्टनवर ठरतं, हे खरं. पण पिस्टन कोणता घ्यायचा, हे ठरतं आपलं इंजिन नेमकं कशाने फुटणार आहे त्यावरून. ते आधी शोधायचं, मग धातू निवडायचा, मग गॅप ठरवायचा आणि मगच ब्लॉक लेथवाल्याकडे न्यायचा. याच क्रमाने पुढे जाऊ.

हिशेबाला एक खरं इंजिन हवं, म्हणून मारुती जिप्सीचं जी-१३बीबी घेतो. १,२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५.५ मिमी, ६,००० आरपीएमला ८० अश्वशक्ती. हिमालयातल्या आणि राजस्थानातल्या रॅलींमध्ये हे इंजिन वर्षानुवर्षं पळालं आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच मेकॅनिकांना ते तोंडपाठ आहे. आकडे तुमच्या इंजिनाचे घाला, रीत तीच राहील.

आधी धातू समजून घ्या

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत गेलेल्या माणसाला ओतकाम समजावून सांगावं लागत नाही. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं, गोठलं की बाहेर काढायचं आणि मशिनिंग करायचं. ओतीव पिस्टन असाच होतो. घडीव (फोर्ज्ड) पिस्टनला ॲल्युमिनियमच्या कांबीचा तुकडा तापवून डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, प्रचंड दाबाने ठोकतात. मुंढव्याला भारत फोर्जमध्ये पोलादी क्रँकशाफ्ट घडतात, तत्त्व तेच. दाबामुळे धातूचे कण आकाराच्या वळणाने वाहतात आणि ओतकामात राहून जाणारी बारीक पोकळी मिटते. म्हणून घडीव धातू चिवट असतो. मर्यादेबाहेर ताण आला तर तो आधी दबतो, वाकतो. ओतीव धातू त्याच ताणाला तडकतो.

सगळा फरक या चिवटपणात आहे. निव्वळ दाब सोसण्यात ओतीव पिस्टन कमी नसतो. आजच्या डिझेल कारमध्ये ज्वलनाचा दाब १५० बारच्या पुढे जातो आणि तिथेही बहुतेक पिस्टन ओतीवच असतात. वरच्या रिंगच्या खाचेत लोखंडी कडं बसवलेलं असतं, खालून तेलाचा फवारा मिळतो आणि असा पिस्टन लाखो किलोमीटर चालतो. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांतही ओतीव पिस्टनच सापडतील. तिथे ईसीयू (इंजिनाचा संगणक) नॉक सेन्सरकडे, म्हणजे चुकीच्या ज्वलनाचा ठोका टिपणाऱ्या सेन्सरकडे, कान लावून बसलेला असतो, म्हणून ते जमतं.

ओतीवमध्येही दोन जाती आहेत. नेहमीच्या पिस्टनात सिलिकॉन ११ ते १३ टक्के असतं. हायपरयूटेक्टिकमध्ये ते १६ ते १८ टक्क्यांपर्यंत जातं. वाढलेल्या सिलिकॉनचे कठीण स्फटिक धातूभर विखुरतात, त्यामुळे पिस्टन कमी फुगतो, रिंगची खाच कमी झिजते आणि थंडीतही इंजिन आवाज करत नाही. बदल्यात तो आणखी ठिसूळ होतो.

घडीवमध्येही दोन जाती आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळेच सर्वात जास्त पैसा वाया जातो. ४०३२ या मिश्रधातूत सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असतं, तर २६१८ मध्ये पाव टक्क्याच्याही आत. २६१८ तापल्यावरही ताकद धरून ठेवतो. कॉन्कॉर्ड विमानाचा सांगाडा ज्या मिश्रधातूचा होता, तो याच कुळातला. चिवटपणात त्याची बरोबरी ४०३२ ला करता येत नाही. पण सिलिकॉन नसल्यामुळे तो जास्त फुगतो आणि त्याच्या रिंगच्या खाचा लवकर झिजतात. तेव्हा दुकानदार नुसतं "फोर्ज्ड आहे" म्हणाला तर त्याला पुढचा प्रश्न विचारा, "कोणता?" त्याला आकडा सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका.

इंजिन कशाने फुटणार आहे?

एक कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा: किती आरपीएमपर्यंत जाणार, सिलिंडरमधला दाब कशाने वाढवणार, आणि इंजिन सलग किती वेळ पूर्ण लोडवर राहणार.

आरपीएमपासून सुरू करू. पिस्टनचा सरासरी वेग काढायला स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, आरपीएमने गुणा, ६० ने भागा. जिप्सीचा ६,००० ला १५.१ मीटर प्रतिसेकंद येतो, ७,५०० ला १८.९. जुन्या युनिट इंजिनच्या बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिमी, पूर्ण ताकद ५,२५० ला. तिथे हा वेग जवळजवळ १५.८ भरतो. म्हणजे डुगडुगत चालणाऱ्या बुलेटचा पिस्टन ६,००० वर किंचाळणाऱ्या जिप्सीपेक्षा वेगात असतो. १५५ सीसीची यामाहा आर-१५ दहा हजारांवर १९.६ ला पोहोचते आणि कंपनी तिच्यात घडीव पिस्टनच देते. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० मध्येही पिस्टन घडीवच. माझा ढोबळ नियम असा: १८ पर्यंत चांगला ओतीव पिस्टन निर्धास्त वापरा, १८ ते २० मध्ये विचार करा, २० च्या पुढे घडीवच घ्या.

पण सरासरी वेगापेक्षा घातक असतो तो वरच्या टोकाला बसणारा हिसका. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हाचा. जिप्सीत ६,००० ला तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,००० पट असतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ३५० ग्रॅम धरले तर प्रत्येक फेऱ्याला सुमारे ७०० किलोची ओढ. हा हिसका आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७,५०० ला आरपीएम फक्त २५ टक्के वाढतात, पण ओढ ५६ टक्क्यांनी वाढून ११०० किलोच्या आसपास जाते. ती ओढ पिस्टनच्या पिनपाशी बसते आणि तीच खाली रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बोल्टवर. म्हणून फक्त आरपीएम वाढवायचे असतील तर पहिला पैसा रॉडच्या बोल्टवर घाला. बोल्ट तुटला की घडीव पिस्टनसकट सगळा ब्लॉक जातो.

दुसरी गोष्ट दाबाची, आणि खरं नुकसान इथेच होतं. कॉम्प्रेशन वाढवलं, टर्बो बसवला किंवा स्पार्कचं टायमिंग पुढे ओढलं की नॉकिंगचा धोका वाढतो. स्पार्कने पेटलेली ज्योत पोहोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक भडकतं आणि दाबाचा घणाघात पिस्टनवर बसतो. ओतीव पिस्टनचा पहिला बळी म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली पट्टी, रिंग लँड. ती तुकड्याने निघते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले किंवा क्राउनच्या (पिस्टनच्या माथ्याच्या) कडेला वाळवीने खाल्ल्यासारखे खड्डे पडले, तर समजा की आता फार वेळ उरलेला नाही.

घडीव पिस्टन इथे तुम्हाला थोडी उसंत देतो. तो तोच मार खातो, पण दहाव्या घणाला तुटण्याऐवजी शंभराव्या घणाला वाकतो, आणि तेवढ्यात तुम्ही पाय काढू शकता. नॉकिंग मात्र तो थांबवत नाही. सतत नॉक करणारं इंजिन घडीव पिस्टनलाही भोक पाडतं. म्हणून पिस्टनआधी इंधन आणि ट्यूनिंग नीट करा. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० हे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई-पुण्यात मिळतं. साध्या कॉम्प्रेशन वाढीला ते आणि दोन अंश मागे घेतलेलं टायमिंग अनेकदा पुरतं.

तिसरी गोष्ट वेळेची. ऑटोक्रॉसची फेरी दोन-तीन मिनिटांत संपते. रॅलीचं लांब स्टेज असेल किंवा ट्रॅकवर वीस मिनिटं पूर्ण थ्रॉटल असेल, तर पिस्टनचा माथा तापतच जातो आणि ॲल्युमिनियमची ताकद दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे झपाट्याने घटते. अशा वापरात घडीव पिस्टनचे पैसे खरोखर वसूल होतात.

आता निवडा

रोज चालणारी गाडी, टर्बो नाही, कॉम्प्रेशन जवळपास मूळचंच, आरपीएम साडेसहा हजारांच्या आत: चांगल्या कंपनीचा ओतीव संच घ्या. उरलेल्या पैशात बोअरिंग-होनिंग (सिलिंडर कापणं आणि त्याची भिंत घासून बारीक जाळी पाडणं) उत्तम करून घ्या आणि हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावा. या गाडीत घडीव पिस्टन घातल्याने काही मिळत नाही, थंडीत टकटक मात्र मिळते.

रोजची गाडी आणि अधूनमधून स्पर्धा, कॉम्प्रेशन वाढवलेलं, आरपीएम सात हजारांच्या पुढे किंवा हलकासा टर्बो: ४०३२. हा माझा सर्वात आवडता पर्याय आहे. ओतीवपेक्षा चिवट, तरी २६१८ इतका फुगत नाही. म्हणून गॅप कमी राहतो, थंड इंजिन फारसा आवाज करत नाही आणि तेलही पीत नाही.

निव्वळ स्पर्धेचं इंजिन, मोठा टर्बो किंवा नायट्रस, सलग लोड: २६१८. ते ठराविक तासांनी खोलावं लागेल, खाचा मोजाव्या लागतील, कधीतरी पिस्टन बदलावेही लागतील. हे आधीच मान्य असेल तरच हा पर्याय.

हायपरयूटेक्टिक मी त्यालाच सुचवतो, ज्याचं ट्यूनिंग हातात आहे आणि जो नॉकिंगच्या जवळही जात नाही. काही हायपरयूटेक्टिक पिस्टनांना वरच्या रिंगचा गॅप नेहमीपेक्षा बराच जास्त लागतो. तो ठेवला नाही तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि लँड उचकटून निघते. लोक पिस्टनला शिव्या देतात, पण चूक गॅपची असते.

टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. आरएक्स १०० सारख्या हवेवर थंड होणाऱ्या, लोखंडी लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या) इंजिनात घडीव पिस्टन थंडीत लगेच पिळलात तर तो बाहेरून फुगतो, लायनर अजून थंडच असतो आणि इंजिन सीज होतं. रस्त्यावरच्या आरएक्सला मी चांगला ओतीवच घालतो.

गॅप: सगळ्यात महत्त्वाची पायरी

एका ओळखीच्याच्या जिप्सीत २६१८ चा संच आला. ज्याने होनिंग केलं त्याच्या हाताखालून असंख्य जिप्सी गेलेल्या, म्हणून त्याने सवयीने मूळचाच गॅप ठेवला, तीन शतांश मिलिमीटर. पहिल्याच घाटात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरने पिस्टन धरला. स्कर्टच्या (पिस्टनच्या रिंगांखालच्या भागाच्या) दोन्ही अंगांना चारचार ओरखडे, लायनर गेले. धातू चांगला होता, होनिंगही सुरेख होतं. पिस्टनसोबत आलेला कागद तेवढा डब्यातच राहिला होता. ते चार पिस्टन हातात घेतले तेव्हाचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही, आणि हा लेख लिहायचं एक कारण तेही आहे.

हिशेब करून पाहा. ७४ मिमीचा पिस्टन १०० अंश तापला तर २६१८ सुमारे ०.१६५ मिमी फुगतो, ४०३२ सुमारे ०.१४४, हायपरयूटेक्टिक सुमारे ०.१३३. २६१८ आणि हायपरयूटेक्टिक यांच्यातला फरकच तीन शतांशांचा. म्हणजे कंपनीने ओतीव पिस्टनसाठी ठेवलेला अख्खा गॅप हा फरकच खाऊन टाकतो.

७४ मिमी बोअर आणि लोखंडी लायनर धरून माझे आकडे असे: ओतीवला २ ते ४ शतांश मिमी, ४०३२ ला ५ ते ६, २६१८ ला ७ ते ९, टर्बो असेल तर त्यातलं वरचं टोक. हे फक्त अंदाज बांधायला. शेवटचा शब्द पिस्टनसोबत आलेल्या कागदाचा. कागद नसेल तर पिस्टन परत करा.

आर-१५ मधला पिस्टन घडीव असूनही थंडीत वाजत नाही, याचं कारणही इथेच आहे. तिचा सिलिंडर लोखंडी नाही. तो डायसिल म्हणजे सुमारे २० टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा आहे, त्यामुळे पिस्टनसोबत तोही फुगतो आणि गॅप लहान ठेवता येतो. तेव्हा "घडीव म्हणजे खडखड" हा समज अर्धवट आहे. पिस्टन आणि भिंत या दोघांचा धातू एकत्र पाहायला हवा.

मोजमाप आणि लेथवरचं काम

पिस्टन हातात आल्याशिवाय फायनल बोअर करू नका. पिस्टन गोल नसतो, पिनच्या दिशेला अरुंद आणि वरून खाली किंचित पिंपासारखा असतो. मायक्रोमीटर पिनच्या काटकोनात आणि कागदावर सांगितलेल्या उंचीवरच लावा. जागा चुकली तर दोन-तीन शतांशांची चूक सहज होते. स्कर्टवर काळी कोटिंग असेल तर मोजमाप कोटिंगसकट आहे की वगळून, तेही कागदावरच वाचा. चारही पिस्टन मोजा आणि प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर टाका.

लायनर बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजा. एक शतांश मिलिमीटरसुद्धा ओव्हल किंवा उतरता ठेवू नका. होनिंग करताना ब्लॉकवर हेडच्या जागी टॉर्क प्लेट (जाड पाटी) कसली तर फार उत्तम, कारण हेडचे बोल्ट आवळले की लायनर वाकतो. पिस्टन आणि ब्लॉक एकाच खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मोजा. उन्हात पडलेला ब्लॉक आणि सावलीतला पिस्टन यांची तुलना खोटी ठरते.

रिंगचा गॅप: टर्बो नसेल तर वरच्या रिंगला बोअरच्या ०.४ टक्के, म्हणजे जिप्सीला साधारण ०.३० मिमी. टर्बोला ०.५ ते ०.५५ टक्के, म्हणजे ०.३७ ते ०.४१. दुसऱ्या रिंगचा गॅप वरच्यापेक्षा किंचित जास्त. रिंग पिस्टनने ढकलून सरळ बसवा, मग फीलर गेज घाला. घासायची वेळ आली तर एकाच टोकाला, बाहेरून आत.

घडीव पिस्टनचा माथा उंच असेल तर व्हॉल्व्ह आपटतात का ते मातीने तपासा. मुलांची क्ले चालते. पिस्टनवर थापा, हेड जुन्या गॅस्केटसह कसा, व्हॉल्व्हचं टायमिंग लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, क्ले कापून मोजा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला किमान २.५ मिमी हवं. पिन मूळच्या रॉडमध्ये दाबून बसवलेली असेल आणि नवी मोकळी फिरणारी असेल, तर रॉडचं छोटं टोक होन करावं लागतं आणि सर्किलिप (पिन जागेवर अडवणाऱ्या कड्या) बसवावे लागतात. सर्किलिप नेहमी नवेच वापरा आणि त्याचं तोंड वर किंवा खाली ठेवा, बाजूला नको. चारही पिस्टन पिनसह वजन करून एका ग्रॅमच्या आत आणा.

पैसे देण्याआधी पिस्टन उलटा करून पाहा. ओतीवच्या आत साच्याच्या जोडाच्या रेषा, खोल खोबणी, कधी विस्तार आवरायला घातलेल्या पोलादी पट्ट्या दिसतात. घडीवचा आतला आकार साधा आणि गुळगुळीत असतो, कारण डाय सरळ बाहेर काढावी लागते. घडीव म्हणून विकलेल्या पिस्टनात आत खोबणी-खोबणी दिसली तर संशय घ्या.

सुरू केल्यानंतर

पहिले काही शे किलोमीटर साधं मिनरल तेल घाला. एकाच वेगात बराच वेळ चालवू नका. चढावर मध्यम लोड द्या आणि उतारावर थ्रॉटल सोडा, असं आलटून पालटून केलं की रिंगा भिंतीला बसतात. नुसत्या आयडलवर तासभर ठेवलेलं इंजिन रिंगा बसवत नाही, होनिंगची जाळी मात्र गुळगुळीत करून टाकतं.

२६१८ असेल तर थंड इंजिनवर टकटक ऐकू येईल. गरम झाल्यावर ती गेली पाहिजे. गरम असतानाही राहिली तर खोलून पाहा. पाण्याचा काटा वर आला म्हणून लगेच पिळू नका, तेल पाण्यापेक्षा उशिरा तापतं. तेलाचा गेज नसेल तर पाणी तापल्यावर आणखी पाच-सात मिनिटं हळू चालवा.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल काढा आणि फिल्टर कापून उघडा. बारीक चंदेरी धूळ थोडी असेलच. कण बोटाला टोचत असतील तर प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून चारही लायनर पाहा. पिनच्या काटकोनात उभे ओरखडे दिसले तर गॅप कमी पडला आहे. ओरखडे पिनच्या दोन्ही बाजूंना असतील तर सर्किलिप तपासा. क्राउनची कडा खाल्लेली दिसली तर गाडी परत ट्यूनरकडे न्या, आणि ते काम होईपर्यंत स्टेजवर उतरवू नका.